दाराबाहेरचे बूट

शेगावहून वरवट बकालकडे जाणाऱ्या रस्त्यावर, घरं संपून शेतं सुरू होतात तिथे नारायणरावांची डाळ मिल आहे, आणि त्या मिलच्या गोदामाच्या दारात लक्ष्मीकांत दिवाणजी. त्यांचं टेबल दाराच्या आत असलं तरी लक्ष असायचं बाहेर, भिंतीला लावलेल्या लाकडी फळीवर. गोदामात शिरणाऱ्याने पायातलं त्या फळीवर काढून ठेवायचं. हमाल असो, डाळ निवडणाऱ्या बाया असोत, नाहीतर ट्रकचा ड्रायव्हर असो. आत तुरीच्या, हरभऱ्याच्या, मुगाच्या पोत्यांच्या थप्प्या. अन्न म्हणजे लक्ष्मी, आणि लक्ष्मीपुढे चपला घालून कुणी फिरतं का, असा त्यांचा सरळ सवाल असायचा. स्वतःच्या पायाखाली दाणा आला तर ते वाकून उचलायचे, कपाळाला लावायचे आणि थप्पीवर ठेवायचे. लहानपणी आईने लावलेली सवय. ती वाईट होती असं मला मुळीच म्हणायचं नाही.

तरीपण त्या सवयीने एका बाईच्या पायाची दोन बोटं घेतली. सवयीने घेतली की दिवाणजींनी, हा प्रश्न मात्र त्यांना जेवू देत नव्हता.

झालं ते असं. दसऱ्याच्या आधी नारायणरावांनी पोती हलवायला बॅटरीवर चालणारी गाडी आणली. कागदावर तिचं नाव पॅलेट ट्रक. ट्रक कसला, गुडघ्याएवढी ठेंगणी पिवळी वस्तू. एका अंगाला जमिनीलगत दोन लांब लोखंडी पाती, दुसऱ्या अंगाला हातात धरायचा दांडा. पाती लाकडी पाटाखाली सरकवायची, बटण दाबलं की पाटावरची सगळी पोती वर उचलली जातात, मग दांडा धरून आपण चालायचं आणि गाडी मागून येते, गायीसारखी. तिच्या चाकांना अडथळा नको म्हणून गोदामाचा दगडी उंबरठा फोडून तिथे सिमेंटचा गुळगुळीत उतार केला. उंबरठा फोडताना दिवाणजी दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. मग दसऱ्याला त्यांनीच गाडीला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि तिला आपल्यात घेतलं.

"दिवाणजी," शेखर नावाचा तोंडाळ हमाल तेव्हा म्हणाला होता, "आमचे चप्पल भाईर, आन् हिचे चाकं आंगनातून सीदे अंदर. हिचे पाय धुवा लागतीन नं?"

सगळे हसले. दिवाणजीही हसले. "तिची पूजा झालीय," ते म्हणाले. "तुझी कुठे झालीय?"

गाडी कशी चालवायची ते शिकवायला कंपनीकडून सौमित्र नावाचा इंजिनिअर आला, पुण्याचा, तरुण, स्वच्छ बोलणारा. तो पायात जाडजूड काळे बूट घालून सरळ आत शिरला. दिवाणजींची नजर बुटांवर गेली. त्यांनी घसा खाकरला. इंजिनिअरने वर पाहिलं, आणि दिवाणजी म्हणाले, "चहा सांगू का साहेब?"

हे वाक्य त्यांना पुढे फार महागात पडलं, पण त्या वेळी ते अगदी सहज बोलून गेले. पाहुणा माणूस, उद्या जाईल, त्याला काय सांगायचं.

इंजिनिअरने गाडी पुढेमागे फिरवून दाखवली. गाडीच्या नाकासमोर चालायचं नाही, थोडं कडेने चालायचं. वळताना तिचं अंग आपल्याकडे झुकतं, तेव्हा पाय लांब ठेवायचे. कोपऱ्यावर हॉर्न द्यायचा. दांड्याच्या टोकाला लाल बटण आहे, आपण भिंतीत सापडलो आणि ते पोटाला टेकलं की गाडी आपोआप उलटी पळते. दांडा सोडला की जागच्या जागी थांबते. "आणि बूट," तो म्हणाला. "पुढे पोलाद असलेले हे बूट घातल्याशिवाय हिला हात लावायचा नाही. कुणीच." दिवाणजींनी मान डोलावली. ते तेव्हा अनवाणी उभे होते, आणि ऐकणारे सगळेच अनवाणी उभे होते. इंजिनिअरला ते दिसलं नसेल कसं? पण दिवाणजींसारखंच त्यानेही ते सोडून दिलं आणि चहा घेतला.

आता चालवणार कोण? शेखर पुढे आला आणि पहिल्याच फेरीत पात्यांवर एक पाय ठेवून उभा राहिला, जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखा. इंजिनिअरने त्याला खाली उतरवलं. तेव्हा निवडणाऱ्या बायांमधून महामाया उठली. वरवट बकालची, तिशीतली, बौद्धवाड्यातली. "मी पाहू काय चालवून?" म्हणाली. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. तिने दांडा धरला आणि इतक्या हळू, इतक्या सावधपणे गाडी थप्प्यांमधून फिरवून आणली की नारायणराव बघत राहिले. "भाऊ, हिलाच द्या," दिवाणजी म्हणाले. "पोरगी सावध आहे." मिलमध्ये मालकाला सगळे भाऊ म्हणत. भाऊंनी मान हलवली आणि महामाया त्या दिवसापासून गाडीवाली झाली. तिला तिच्या मापाचे बूटही आले. तिने ते हातात धरून उलटसुलट पाहिले, पुढच्या भागावर बोटाने टकटक वाजवून पाहिलं, आणि लाजत म्हणाली, "माय, लोखंड हाये अंदर."

दुसऱ्या दिवशी ती ते घालून ऐटीत दारात आली. दिवाणजींनी टेबलावरून मान वर केली.

"बूट बाहेर, महामाया."

"इंजिनिअर साहेब म्हनत होते का बुटाशिवाय..."

"ते बाहेरचे. आपण इथले. हे अन्नाचं घर आहे."

 मग वाकून तिने नाड्या सोडल्या आणि बूट फळीवर ठेवले, टाचा भिंतीला लावून, अगदी नीट. त्यानंतर अंगणात पोती न्यायची असली की बूट घालायचे, आत यायचं की काढायचे, पुन्हा घालायचे, पुन्हा काढायचे, असं तिने काही दिवस केलं. नाड्यांचा तो खेळ किती चालणार? मग बूट सकाळपासून फळीवरच राहू लागले. दिवाणजींना ते रोज दिसायचे. बाकीच्यांच्या फाटक्या चपलांमध्ये काळेभोर, नव्यासारखे. बघून त्यांना बरंही वाटायचं की पोरीला शिस्त आहे.

मग ती दुपार आली. बाहेर ट्रक उभा, ड्रायव्हर भोंगा वाजवून वाजवून जीव खातोय, आणि दिवाणजी दारातून ओरडतायत, "महामाया, लवकर! लवकर कर!" ती तुरीच्या डाळीची पोती घेऊन दाराशी आली, कोपऱ्यावर तिने हॉर्न दिला, उताराकडे वळली. जमिनीवर डाळीची चुनी सांडली होती, पिठासारखी मऊ. तिची अनवाणी टाच त्या चुनीवरून सरकली, ती झुकली, आणि वळणाऱ्या गाडीचं अंग तिच्या डाव्या पायावर आलं. तिने दांडा सोडला. दांडा सोडला की गाडी थांबते. गाडी थांबली. पायावर.

तिचं ओरडणं मी सांगत नाही. शेखर धावला, दांडा पकडला, आधी चुकीच्या, मग बरोबर दिशेला फिरवला आणि गाडी पायावरून हटवली. हमालांनी तिला उचललं आणि तसेच अनवाणी अंगणातून रिक्षाकडे पळाले. दिवाणजीही पळाले. पण दाराबाहेर पडताना ते फळीपाशी थांबले, आणि त्यांनी आपल्या चपला शोधून पायात घातल्या. ऊन होतं, खडे होते, सवय होती. शेजारीच महामायाचे बूट होते. कुणीतरी ते तिच्या डब्याच्या पिशवीत कोंबून रिक्षात टाकले.

दवाखान्यात दोन बोटं काढावी लागली, करंगळी आणि तिच्या शेजारचं. खर्चाचं सगळं नारायणरावांनी पाहिलं, त्यात त्यांनी हात आखडला नाही. संध्याकाळी ते खाटेपाशी उभे राहून म्हणाले, "बूट देल्ले होते नं तुले, बाई? मंग काऊन नाही घातले?"

दिवाणजी खाटेच्या पायथ्याशी उभे होते. महामायाने त्यांच्याकडे पाहिलं. ती नजर फार वेळ त्यांच्यावर होती असं त्यांना वाटलं. मग तिने छताकडे पाहिलं आणि म्हणाली, "ध्यानात नाही राह्यलं, भाऊ."

डाळ मिलच्या दिवाणजीने मूग गिळून गप्प बसावं हे ऐकायला गमतीचं वाटेल, पण त्या वेळी लक्ष्मीकांतांनी नेमकं तेच केलं. एक शब्द बोलले असते तरी पुरे होतं. 'मी काढायला लावले, भाऊ.' एवढंच. 

नारायणरावांनी दोन दिवसांत निर्णय सांगून टाकला: बायांना भान राहत नाही, गाडी शेखरकडे. महामाया बरी झाली की पुन्हा निवडायला बसेल, तिची रोजी जाणार नाही. ऐकणाऱ्यांना हे चांगलंच वाटलं. शेखर गाडी घेऊन भरधाव फिरू लागला, अनवाणी, कुणी बघत नसलं की पात्यांवर उभा राहून. आणि दिवाणजी फळीकडे बघेनासे झाले. अन्न म्हणजे लक्ष्मी म्हणणारा हा माणूस घरी ताटावरून अर्ध्यात उठू लागला.

त्यांच्या बायकोने, प्रतिमाताईंनी, काही दिवस वाट पाहिली आणि मग सरळ विचारलं. त्यांना दिवाणजींनी सगळं सांगितलं. त्या वाटीतली भाजी ढवळत होत्या. "तिने तुमचं नाव नाही घेतलं," त्या म्हणाल्या. "केवढं मन असेल बाईचं. जाऊन या तिच्याकडे. हात जोडून या."

दिवाणजींना हे पटलं. एवढंच नाही, त्यांना हायसं वाटलं. कुणीतरी आपल्याला माफ केलंय, आता फक्त जाऊन ती माफी घेऊन यायची, असं काहीतरी त्यांच्या मनात तयार झालं. रविवारी ते सफरचंदं आणि पेढे घेऊन एसटीने वरवट बकालला गेले.

बौद्धवाड्यात महामायाचं घर कुणीही दाखवलं असतं. ओसरीवर तिची सासू जनकाबाई सडा टाकत होती. दिवाणजी सवयीने दाराशी चपला काढू लागले तशी ती म्हणाली, "राहू द्या हो, चप्पल राहू द्या. ओलं हाये खाली, पाय घसरंन." ते तिथेच थांबले. एक चप्पल पायात, एक हातात. मग ती पायात घालून ते आत गेले.

महामाया खाटेवर बसली होती, पट्टी बांधलेला पाय उशीवर. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली फळीवर डब्यांची रांग, आणि रांगेच्या शेवटी ते बूट, पुसून ठेवलेले. जनकाबाईने चहा ठेवला. इकडचं तिकडचं बोलणं झालं, जखमेचं, डॉक्टरचं, तुरीच्या भावाचं. मग जनकाबाई पाणी आणायला बाहेर गेली आणि दिवाणजींनी खरोखरच हात जोडले.

"तू दवाखान्यात माझं नाव घेतलं नाहीस, महामाया. तुझे उपकार मी..."

"उपकार कायचे, दिवाणजी?" ती मध्येच म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं असं त्यांना नंतर वाटलं. "मी तुमाले वाचवलं नाही. मी सांगतलं असतं का यायनं बूट काढाले लावले, तं तुमी म्हटलं असतं, मी कुठी म्हटलं? मंग भाऊनं कोनाचं आयकलं असतं? तुमचं का माहं?"

दिवाणजींचे जोडलेले हात खाली आले.

"पाय तं गेलाच होता. वरतून खोटी कायले पडू?"

'मी तसं म्हटलं नसतं', हे वाक्य दिवाणजींच्या ओठांवर आलं आणि तिथेच अडलं. कारण त्या संध्याकाळी खाटेच्या पायथ्याशी उभे असताना त्यांच्या मनात एक वाक्य तयार होतं, पूर्ण, शेवटच्या शब्दापर्यंत: 'मी तर हिला रोज सांगत होतो, भाऊ.' महामायाने तोंड उघडलं असतं तर ते वाक्य बाहेर आलं असतं. ते त्यांना माहीत होतं, आणि आत्ता कळलं की तिलाही माहीत होतं. माफी न्यायला आलेल्या माणसासाठी माफी कुणी ठेवलीच नव्हती.

"तुला काय हवं?" त्यांनी विचारलं. 

"माही गाडी," ती म्हणाली. "शेखर चालवून राह्यला म्हन्तेत. मले खाली बसाले लावतीन आता. पन हा पाय मुडपतच नाही, दिवाणजी. डॉक्टर म्हने, चाल थोडी थोडी, उभी राह्य, पन मांडी घालून दिवसभर बसू नको. गाडी असंन तं मी येतो कामाले. निवडाले बसवलं तं मले घरीच राहा लागंन. आन् घरी राहून मी खाऊ काय?"

परतीच्या एसटीत दिवाणजींच्या मांडीवर पेढ्यांचा डबा तसाच होता. द्यायचा राहून गेला होता.

सोमवारी सकाळी ते नारायणरावांच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्याच सांगून मोकळे झाले. बूट तिने विसरून काढले नव्हते, मी काढायला लावले. पहिल्याच दिवशी. तिने इंजिनिअरचं नाव घेतलं होतं तरीही. चूक माझी आहे, भाऊ.  आता भाऊ उसळतील, नाही नाही ते बोलतील, कदाचित घरी पाठवतील, असं त्यांनी धरलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते हवंच होतं.

नारायणरावांनी चष्मा काढून पुसला. "मंग काय चुकलं तुमचं?" ते म्हणाले. "आमच्या बापाच्या काळापासून खळ्यावर कोनी पायतान घालून गेलं नाही. तुमी अन्नाचा मान ठेवला. तिनं येऊन मले सांगाचं होतं का दिवाणजी बूट घालू देत नाही. तोंड नोयतं काय तिले? तुमी कायले जिवाले लावून घेता? बसा, चहा घ्या."

चहा. दिवाणजी त्या शब्दाशी अडखळले. कुणी थोबाडीत मारली असती तर इतकं लागलं नसतं. ते बाहेर आले आणि गोदामात येऊन दिवसभर खुर्चीत बसून राहिले. म्हणजे कबुली देऊनही काही झालं नाही. उलट शाबासकी मिळाली. गाडी शेखरकडेच राहिली, महामायाचा पाय तसाच राहिला, आणि चूक जिथे होती तिथेच, त्यांच्याच पदरात, फक्त आता तिला मालकाचा आशीर्वाद मिळाला होता. आतापर्यंत त्यांना स्वतःची लाज वाटत होती. त्या दिवशी स्वतःचा राग आला. हा राग जास्त कामाचा निघाला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नारायणरावांच्या टेबलावर गोदामाच्या किल्ल्यांचा जुडगा ठेवला.

"हे काय?" भाऊ म्हणाले.

"दार दुसऱ्या कुणाच्या ताब्यात द्या."

"धमकी देऊन राह्यले काय मले?"

"नाही भाऊ. दारात मी बसतो. दारात जे झालं ते माझं. गाडी महामायाची राहणार असेल, आणि गाडीजवळचा प्रत्येक माणूस बूट घालून आत जाणार असेल, तर मी किल्ल्या उचलतो. नाहीतर मला तिथे बसणं जमणार नाही."

नारायणराव चिडले. त्यांचा चेहरा लाल झाला. इतक्या वर्षांत या माणसाने कधी त्यांच्यासमोर आवाज केला नव्हता, आणि आता केला तो एका निवडणाऱ्या बाईसाठी. "आन् लक्ष्मी?" ते म्हणाले. "काल परवालोक तुमीच तं सांगत होते सगळ्यायले."

"गाडीची चाकं दसऱ्यापासून अंगणातली माती घेऊन आत येतात," दिवाणजी म्हणाले. "लक्ष्मीला रागवायचं असतं तर केव्हाच रागावली असती. लक्ष्मीच्या नावाने मी रागावत होतो."

भाऊंनी खिडकीकडे तोंड फिरवलं. बाहेर शेखर गाडीच्या पात्यांवर उभा राहून अंगण ओलांडत होता, एक हात वर करून कुणाला तरी काहीतरी दाखवत. नारायणरावांच्या तोंडून एक अस्सल वऱ्हाडी शिवी बाहेर पडली. मग त्यांनी जुडगा दिवाणजींकडे सरकवला. "आना तिले," ते म्हणाले. "पन पुन्हा काही झालं तं पह्यले तुमाले धरीन."

"धरा," दिवाणजी म्हणाले.

महामाया यायच्या दिवशी लक्ष्मीकांत दिवाणजींनी घरून निघताना बूट घातले. शेगावच्या बाजारातून आणलेले, काळे, पुढे पोलाद असलेले.  प्रतिमाताई दारात उभ्या राहून बघत होत्या. मिलमध्ये आल्यावर ते फळीजवळ थांबले. जिथे उंबरठा होता तिथे आता नुसता सिमेंटचा उतार होता, पण त्यांना तिथे तो उंचच्या उंच दिसत होता. त्यांनी मनात हात जोडले, कुणाला ते त्यांनाही सांगता आलं नसतं, आणि बूट घालून आत पाऊल टाकलं. टाचेखाली तुरीचा एक दाणा कडकन फुटला. ते वाकले, तो फुटका दाणा उचलला, कपाळाला लावला आणि थप्पीवर ठेवला.

हमाल पोती खाली टाकून बघत राहिले. "दिवाणजी, बूट!" शेखर म्हणाला. त्याला वाटलं म्हाताऱ्याचं भान गेलं.

"हो, बूट," दिवाणजी म्हणाले. "तुमचेही आलेत, त्या खोक्यात. आधी घाला, मग पोत्याला हात लावा. आणि पुन्हा गाडीवर उभा राहिलास तर माझ्याशी गाठ आहे."

मग महामाया आली, डावा पाय जपत, पायांत तिचे ते बूट. दाराशी पोचताच तिचा हात फळीवर गेला आणि ती नाडी सोडायला वाकली. कुणी काही सांगायच्या आतच वाकली. 

"नको," ते जवळजवळ ओरडलेच. "घालूनच ये."

ती सरळ झाली. तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग खाली त्यांच्या पायांकडे. ती आत आली, गाडीपाशी गेली. आधी चावी, मग हॉर्न वाजवून पाहिला, मग लाल बटण. दांड्यावर सुकलेल्या झेंडूचा एक तुकडा अडकला होता, तो काढून खिडकीत ठेवला. दिवाणजी तिच्यामागे चार पावलांवर येऊन थांबले होते. आता ती काहीतरी चांगलं बोलेल, निदान हसेल, अशी आशा या माणसाच्या मनात अजूनही होती. आशा फार चिवट असते.

"एक इचारू काय, दिवाणजी?" ती गाडीकडे बघतच म्हणाली.

"विचार."

"थो इंजिनिअर साहेब बूट घालूनच अंदर आल्ता. इथीसाच उभा होता. त्याले काऊन नाही म्हटलं?"

गोदामात बाकी सगळे आपापले बूट चढवण्यात गुंतले होते; हे ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं. पाहुणा होता, असं म्हणता आलं असतं. एक दिवसाचा माणूस, असंही. दिवाणजींनी ही सगळी उत्तरं स्वतःला अनेकदा देऊन पाहिली होती आणि एकही टिकलं नव्हतं.

"त्याला म्हणायची हिंमत नव्हती," ते म्हणाले. घसा खाकरला. "आणि तुला म्हणायला हिंमत लागत नव्हती."

महामायाने मान हलवली. "हाव," ती म्हणाली. "मले मालूम होतं. तुमच्या तोंडून आयकाचं होतं."

दिवाणजींना आणखी काही बोलायचं होतं. ते तसेच उभे राहिले, दोन्ही हात लोंबकळत, नव्या बुटांत पाय आखडून. महामायाने पाती पाटाखाली सरकवली, पोती वर उचलली आणि दांडा आपल्याकडे झुकवला.

"बाजूले व्हा, दिवाणजी," ती म्हणाली. "गाडीच्या समोर उभं नसते राहात. पायावर येते."

आणि तिने हॉर्न दिला. दिवाणजी बाजूला झाले.